धुरपताबाईची चौदा कार्डं

धुरपताबाईला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते लोहाऱ्याच्या बाजारात, धान्याच्या काट्यावर. धोंडप्पा आडत्याच्या दुकानापुढं मोठा तराजू टांगलेला असायचा. त्याच्या एका पारड्यात ती एका कुशीवर कलून बसली होती, कारण सरळ बसणं तिला अजून जमत नव्हतं. दुसऱ्या पारड्यात हमाल वजनं चढवत होता. साल १९६२, जून महिना. किलोची नवी वजनं बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते आणि धोंडप्पा ती अजून परक्यासारखीच हाताळायचा.

"छत्तीस," तो म्हणाला. "मास्तर, लिहून घ्या. आमचं हरभऱ्याचं पोतं हिच्यापरीस लई जड भरतंय."

दोघंतिघं हसले. ती हसली नाही.

"बराबर बघा, मालक," ती म्हणाली. "अर्धा किलो इकडंतिकडं नगं. मुंबईला कळवायचं हाय."

मी हनीफ, मूळचा नळदुर्गचा. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो, राज्य गेल्यावर मराठीतून मास्तरकीची परीक्षा दिली आणि एकसष्ट साली माकणीच्या शाळेवर बदलून आलो. माकणी तेव्हा उमरगा तालुक्यात होती. तेरणेच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला दहाबारा धनगरांची घरं. त्यातल्याच गोरोबा धनगराची धुरपता ही बायको. आदल्या दिवशी गोरोबा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता. हातात एक छापील कार्ड होतं.

"हे मुंबईच्या दवाखान्यातनं आलंय," तो म्हणाला. "हिच्या नावानं हाय. भरून धाडायचं हाय म्हनं."

मी कार्ड वाचलं. वर क्रमांक होता, १७१. खाली सहा प्रश्न: वजन किती? भूक लागते का? दुखतं का, आणि कुठं? रक्त जातं का? जखम भरली का? रोजचं काम करता का? मागच्या बाजूला मुंबईच्या कर्करोगाच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता छापलेला आणि तिकीट आधीच लावलेलं.

मला नवल वाटलं. आमच्या गावातल्या माणसाला मुंबईहून कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आणि हे विचारत होते एका मेंढक्या बाईचं वजन.

"मुंबईला ह्यांच्या वजनाचं काय काम?" मी गोरोबाला विचारलं.

"तिलाच इचारा," तो म्हणाला. "मला सांगता याचं न्हाय."

तिनं ते मला एकदम सांगितलं नाही. दर तीन महिन्यांनी कार्ड भरायला ती यायची, आणि दर वेळी थोडं थोडं सांगायची. माझी मावशी शोभेल अशा वयाची ती होती, म्हणून मी तिला मावशीच म्हणू लागलो. ज्या जागेचं ते दुखणं होतं त्या जागेबद्दल परक्या पुरुषाशी बोलायचं म्हणजे तिला पहिल्यांदा घाम फुटायचा. पण कार्डावर प्रश्न होता, आणि प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं असं तिनं मुंबईत कबूल केलं होतं.

झालं होतं असं. एकसष्टच्या दसऱ्याच्या सुमाराला तिला शौचाच्या वाटे रक्त जाऊ लागलं. तिनं ते दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मग जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, उष्णता आहे, ताक पी. वैद्यानं नाडी बघून मूळव्याध सांगितली आणि पुड्या दिल्या. नात्यातल्या एका जाणत्यानं कमरेला बांधायला मुळी दिली आणि आठ दिवसांत रक्त थांबेल असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पौषात ती नदीच्या वाटेवर मेंढरांमागं चालता चालता खाली बसली ती उठलीच नाही. गोरोबानं तिला पाठुंगळी घेऊन गाव गाठलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सोलापूरला नेलं.

तिथल्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं पडद्याआड नेऊन बोटानं तपासलं. "एवढा येळ कुनी बोट लावून बघितलंच नव्हतं," धुरपताबाई मला म्हणाली. "सगळ्यांनी लांबनंच सांगितलं." डॉक्टरीणबाईनं हात धुतले, तिच्या डोक्यावरून पदर नीट केला आणि मुंबईच्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

मुंबईबद्दल तिला फारसं काही आठवत नव्हतं. आठवत होता तो एक लांब वॉर्ड, आणि सिद्धेश्वर डॉक्टर.

सिद्धेश्वर डॉक्टर हे तिथले तरुण डॉक्टर, सोलापूरकडचे. त्यांना आपली बोली यायची. म्हणून मराठवाड्याकडचा रोगी आला की मोठे सर्जन त्यांनाच समजावून सांगायला पाठवायचे. ते स्टूल ओढून धुरपताबाईच्या खाटेजवळ बसले. गोरोबा भिंतीला टेकून उभा होता.

"मावशी, गुदाशयात गाठ हाय," ते म्हणाले. "कर्करोगाची. ती काढावी लागंल. गाठ लई खाली हाय, म्हणून ती वाटच बंद करावी लागंल आणि पोटावर डाव्या अंगाला नवी वाट काढावी लागंल. जन्मभर तिथनंच व्हायचं."

डॉक्टर थांबले. गोरोबानं विचारलं, "दुसरा इलाज?"

"ह्याला दुसरा इलाज न्हाय. पण एक गोष्ट हाय, ती ऐका. आमच्याकडं कोबाल्टचं यंत्र आलंय. त्याची किरणं गाठीवर सोडली तर गाठ आकसते. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे अशी किरणं दिली तर रोग परत येणं कमी हुईल असं काही जणांना वाटतं. काही जणांना वाटतं, त्यानं फायदा न्हाय, उलट जखम भरायला उशीर लागंल आणि दोन आठवडे वाया जातील."

"आन खरं काय हाय?" धुरपताबाईनं विचारलं.

"ठावं न्हाय."

"तुमाला ठावं न्हाय?"

"मला न्हाय. आमच्या मोठ्या डॉक्टरांना न्हाय. बाहेरच्या मुलखात बी अजून कुणाला पक्कं ठावं न्हाय. म्हणूनच आमी हे बघायला लागलोय. निम्म्या लोकांना आधी किरणं देऊन ऑपरेशन करायचं, निम्म्यांचं नुसतं ऑपरेशन. मग पाच वर्षं सगळ्यांची खबर ठेवायची आणि मोजायचं."

हे सांगताना धुरपताबाईचा आवाज प्रत्येक वेळी बदलायचा. मी ते निदान पाचसहा वेळा ऐकलं असेल. "मास्तर," ती म्हणायची, "जावंला ठावं हुतं. वैद्याला ठावं हुतं. मुळीवाल्याला तर लईच ठावं हुतं. आन ज्यानं सगळ्यात जास्ती बुकं वाचली, त्यो माझ्याम्होरं स्टुलावर बसून म्हनला, ठावं न्हाय. माझ्या अंगावर काटा आला. म्हनलं, ह्यो मानूस खोटं बोलत न्हाय."

पण गोरोबाला ते पटलं नव्हतं. त्यानं विचारलं, "निम्म्यात कोन आन निम्म्यात कोन, हे कोन ठरवनार?"

"कुणीच न्हाय," डॉक्टर म्हणाले. "तिकडं कपाटात बंद पाकिटं हायेत, नंबर टाकलेली. आत काय लिहिलंय ते आमाला बी दिसत न्हाय. पुढचं पाकीट फोडायचं, आणि निघंल ते करायचं."

"मंग आधी फोडून बघा," गोरोबा म्हणाला. "बरं निघालं तर घेऊ."

"बरं कुठलं तेच तर ठावं न्हाय, दादा."

"तुमचं मन काय म्हंतं?"

सिद्धेश्वर डॉक्टरांनी स्टूल त्याच्याकडं वळवलं. मग म्हणाले, "माझं मन एक म्हणतं. मोठ्या डॉक्टरांचं मन दुसरं म्हणतं. मनावर गेलो तर कमी दुखणाऱ्याला एक देऊ, जास्त दुखणाऱ्याला दुसरं, आणि शेवटाला काहीच कळायचं न्हाय. तुम्हाला ह्यात यायचं नसंल तर तसं सांगा. तरी ऑपरेशन हुईलच, मोठे डॉक्टर त्यांच्या रीतीनं करतील. तुमच्यावर कुणी रागावणार न्हाय."

गोरोबा बाहेर व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. तो परत आला तेव्हा धुरपताबाईनं ठरवलं होतं. "फोडा पाकीट," ती म्हणाली.

एकशे एकाहत्तर नंबरचं पाकीट सिस्टरनं तिच्यासमोर फोडलं. आतल्या कागदावर एकच ओळ होती. नुसतं ऑपरेशन.

शेजारच्या खाटेवर फरिदाबी होती. परांड्याच्या पाशामियाँ दर्जीची बायको. दोघी उस्मानाबाद जिल्ह्याच्या, म्हणून वॉर्डात त्यांना उस्मानाबादवाल्या म्हणायचे. फरिदाबीचं पाकीट आदल्या दिवशीच फुटलं होतं, आणि तिला किरणं निघाली होती. ती रोज सकाळी यंत्राकडं जायची आणि परत येऊन सांगायची, "कुछ नहीं गे. झोपून ऱ्हायचं, वर भुंग्यासारखा आवाज येतो. दुखत न्हाय."

धुरपताबाईचं ऑपरेशन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. चार तास लागले. शुद्धीवर आल्यावर तिनं पोटाकडं हात नेला, तर सिस्टरनं तो धरला. आठ दिवस तिनं त्या जागेकडं बघितलं नाही. नवव्या दिवशी फरिदाबी, जिचं स्वतःचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तिच्या खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "तू बघ आधी. मग मला सांग कसं हाय ते. मला पण तेच करायचं हाय ना."

तेव्हा तिनं पहिल्यांदा बघितलं. "लाल हुतं, वल्लं," ती मला म्हणाली. "मेंढीच्या जीभंसारखं. मी फरिदाला सांगितलं, भ्यायाचं काय न्हाय."

माकणीला परत आल्यावर घरचं सोपं नव्हतं. जाऊ तिच्या हातचं खाईना. देवळाच्या पायरीवर चढायचं की नाही यावर लोक बोलले. ती भांडली नाही. दवाखान्यानं तिला पत्र्याचा डबा आणि रबरी नळी दिली होती. रोज पहाटे कोमट पाण्यानं ती नवी वाट धुवून घ्यायची, की दिवसभर कोरडं राहायचं. वर पाशामियाँनं शिवून दिलेला कापडी पट्टा. मेंढरं घेऊन फिरतीवर गेली तरी ती डबा बाभळीच्या फांदीला टांगायची, भोवती घोंगडीचा आडोसा करायची आणि अर्ध्या तासात बाहेर यायची. शेवटी एका पहाटे जाऊच तो आडोसा धरून उभी राहिली. त्यावर दोघी कधी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून जाऊ तिच्या हातची भाकरी खाऊ लागली.

आणि कार्डं. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग तीन वर्षं दर सहा महिन्यांनी. दुसऱ्या कार्डावर वजन एकोणचाळीस, तिसऱ्यावर बेचाळीस. 'रोजचं काम करता का?' या प्रश्नापुढं पहिल्यांदा मी 'नाही' लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी तिनं सांगितलं, "लिवा. मेंढरं वळते, लोकर कातरते, सैपाक करते, पानी आनते." एवढं मावेल इतकी जागाच नव्हती. मी बारीक अक्षरात कडेनं लिहिलं.

तिनं एकदाही वजन अंदाजानं सांगितलं नाही. माकणीहून लोहाऱ्याला ती चालत जायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, मागच्या खेपेइतकंच असेल. लिहून टाकू का?"

"मास्तर, तुमी लेकरांना बेरीज शिकवता. मदला एक आकडा असाच घालून चालतो का?"

मी कार्ड खिशात घातलं आणि तिच्याबरोबर काट्यावर गेलो.

चौसष्टच्या जानेवारीत ज्वारीची रानं मोकळी झाली, तशी माकणीच्या धनगरांची मेंढरं पश्चिमेला निघाली. तुळजापूर, बार्शी करत ती परांड्याच्या अंगाला जायची. धुरपताबाईही गेली. आठवं कार्ड मार्चच्या मध्यावर पाठवायचं होतं. मला वाटलं, हे कार्ड चुकणार. मी दवाखान्याला तसं पत्रही लिहून ठेवलं, फक्त टाकायचं बाकी होतं.

अकरा मार्चला दुपारी शाळा सुटायच्या वेळी ती दारात उभी. पायाला भेगा, पदरात धूळ. सोनारीजवळ त्यांचा तळ होता. तिथून ती एकटी निघाली, बरंच अंतर चालली, मिळाली तिथं एस.टी. घेतली, आणि तिसऱ्या दिवशी पोचली. वाटेत लोहाऱ्याला उतरून वजनही करून आली होती. पंचेचाळीस.

मी कार्ड काढलं. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आधी एक सांगते. फरिदा गेली."

सोनारीहून परांडा जवळ, म्हणून ती फरिदाबीला भेटायला गेली होती. पाशामियाँ मशीनवर बसून शिवत होता. तिला बघून त्यानं मशीन थांबवलं. फरिदाबी आदल्या ऑक्टोबरात गेली होती. खालच्या जागेला दुखणं परत आलं नव्हतं, पण काळजात, म्हणजे यकृतात, नव्या गाठी झाल्या होत्या.

धुरपताबाई रडली नाही. बहुतेक तीन दिवसांच्या वाटेत रडून झालं होतं. तिनं विचारलं, "मास्तर, तिला मशीन मिळालं, ती गेली. मला न्हाय मिळालं, मी हाय. मग मशीनच वाईट, व्हय ना? तसं लिवा कार्डावर. त्यांना म्हनावं, बंद करा."

मी खरंच तसं कार्डाच्या कडेला लिहिलं: 'परांड्याच्या फरिदाबी वारल्या. आपणास कळले का? धुरपताबाई म्हणतात, यंत्र बंद करावे.'

तीन आठवड्यांनी सिद्धेश्वर डॉक्टरांचं हातानं लिहिलेलं पत्र आलं. मी ते तिला शाळेच्या ओसरीवर वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, फरिदाबींची खबर आम्हाला आहे. त्या गेल्या त्याच आठवड्यात त्यांच्या मालकांनी स्वतः शेवटचं कार्ड भरून पाठवलं. वजनाच्या जागी रेघ मारली होती, आणि बाकीच्या पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिली होती. पुढं लिहिलं होतं, तुम्ही दोघीच असतात तर यंत्र वाईट असंच आम्हीही म्हटलं असतं. पण तुमच्यासारखी बरीच माणसं आहेत. सगळ्यांचं मोजून होईपर्यंत आम्ही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

"पाशामियाँनं भरलं?" तिनं विचारलं.

"हो."

"ती गेल्यावर?"

"हो. त्याच आठवड्यात."

तिनं पत्र माझ्या हातून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला की माकणी आणि परांड्यासारख्या किती गावांत, किती ओसऱ्यांवर, कुणीतरी कुणाकडून हे सहा प्रश्न भरून घेत असेल. एकमेकांची नावं न कळता ही माणसं एकाच कामाला लागली होती. मी लहानपणापासून मशिदीत जातो, जत्रा पाहिल्या आहेत, निजामाच्या फौजेची कवायत पाहिली आहे. पण न दिसणाऱ्या माणसांचा एवढा मोठा जमाव मला कधी जाणवला नव्हता.

चौदावं कार्ड सदुसष्टच्या मार्चमध्ये गेलं. वजन सत्तेचाळीस. दवाखान्यानं कळवलं, शेवटच्या तपासणीसाठी दिवाळीनंतर या, तोवर सगळ्यांची पाच वर्षं पुरी होतील. मला सुट्टी होती. गोरोबाचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच बरोबर गेलो.

तपासणी झाली. काही नव्हतं. मग सिद्धेश्वर डॉक्टरांनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं. आता ते काही लहान डॉक्टर राहिले नव्हते, कानशिलं पांढरी झाली होती. त्यांनी टेबलावर एक रजिस्टर उघडलं. पानभर आडव्या ओळी होत्या, एका माणसाची एक. ओळीत चौदा चौकोन. काही ओळी मधेच थांबल्या होत्या. अकरा ओळींपुढं लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. ती माणसं गाव सोडून गेली होती, किंवा त्यांची कार्डं परत आली होती. एकशे एकाहत्तरच्या ओळीत चौदाही चौकोन भरलेले होते.

"एकशे चौऱ्याऐंशी माणसं," डॉक्टर म्हणाले. "एक्क्याण्णव जणांना आधी किरणं दिली. त्यातल्या चौदा जणांना त्याच जागी रोग परत आला. त्र्याण्णव जणांचं नुसतं ऑपरेशन केलं. त्यातल्या एकतीस जणांना परत आला."

धुरपताबाईला एवढा हिशेब कळत होता. मेंढरं मोजणारी बाई होती ती.

"म्हंजी मशीन चांगलं."

"त्या जागेपुरतं चांगलं. पाच वर्षं जगलेली माणसं मात्र दोन्हीकडं जवळजवळ सारखीच निघाली. फरिदाबींसारखं दुसरीकडं रोग गेला तर त्याला ही किरणं पुरत न्हाईत, असं दिसतंय. ते पुढं बघावं लागंल."

"आन मी कुठल्यात?"

"त्र्याण्णवात."

"जे चांगलं ठरलं ते मला मिळालंच न्हाय."

"न्हाय मिळालं, मावशी."

"मग मी कशाला हुते?"

ती रागानं विचारत नव्हती. मला वाटलं, डॉक्टर तिची समजूत घालतील, काहीतरी गोड बोलतील. त्यांनी रजिस्टर तिच्याकडं वळवलं.

"किरणं दिलेल्यांतले हे चौदा बघा," ते म्हणाले. "नुसते चौदा. हे लई का थोडे? सांगा."

तिनं विचार केला. "कशापरीस?"

"तेच. तुमी त्र्याण्णव जण नसता, तर ह्या चौदाला काही अर्थ नव्हता. किरणं चांगली हे किरणं मिळालेल्या लोकांनी एकट्यांनी सांगितलेलं न्हाय. निम्मं तुम्ही सांगितलंय."

ती त्या पानावर वाकली. मग तिनं विचारलं, "हे एकतीस. ह्यांचं दुखनं परत आलं. आपून कशाला हाओत हे त्यांना ठावं हुतं का?"

"सांगितलं सगळ्यांना हुतं," डॉक्टर म्हणाले. "कुणाला किती कळलं, ते मला ठावं न्हाय."

धुरपताबाई खुर्चीवरून उठली. तिनं दोन्ही हात त्या उघड्या पानावर ठेवले आणि कपाळाला लावले. खळ्यावर धान्याच्या राशीला लावतात तसे. सिद्धेश्वर डॉक्टर उठून उभे राहिले. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. आम्ही तिघंही त्या रजिस्टरासमोर उभे होतो, आणि बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं त्याच्या चाकांचा आवाज येत होता.

परतीच्या गाडीत दौंडच्या पुढं ती म्हणाली, "पाशामियाँला हे कळवाया पायजे. तिचा बी आकडा हाय त्यात." मी उर्दूत खत लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी तिचा तळ सोनारीला पडला तेव्हा तिला कळलं, की ते खत त्यानं घडी करून कुराण ठेवायच्या लाकडी रेहलीखाली ठेवलं होतं.

एकोणसत्तर साली शेजारच्या गावची अयोध्या नावाची बाई, वय तीस-बत्तीस, तिलाही रक्त जाऊ लागलं. सासरच्यांनी मुळीवाल्याकडं नेण्याआधीच कुणीतरी धुरपताबाईचं नाव सांगितलं. ती स्वतः अयोध्येला घेऊन सोलापूरला गेली, मग मुंबईला. आता पाकीट नव्हतं. अशा गाठीला त्या दवाखान्यात सगळ्यांनाच आधी किरणं देत होते. यंत्राच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून अयोध्येनं विचारलं, "मावशी, दुखतं का?"

"मला दिलंच न्हाय गं," धुरपताबाई म्हणाली. "पर माझी एक मैतरीन हुती. ती म्हनायची, न्हाय दुखत."

अयोध्येचं आटोपल्यावर तिनं यंत्र चालवणाऱ्या माणसाला विचारलं, मी आत येऊन बघू का. त्यानं येऊ दिलं. यंत्राचं करडं डोकं छताखाली वाकून उभं होतं, एखाद्या मोठ्या जनावरासारखं. सगळे त्या किरणांना शेक म्हणायचे, म्हणून तिला वाटलं होतं यंत्र तापलेलं असेल. तिनं भीत भीत तळवा लावला.

"थंडगार हुतं, मास्तर," तिनं मला परत आल्यावर सांगितलं, आणि मग ते किती उंच होतं, दार किती जाड होतं, आणि अयोध्या आत एकटी असताना बाहेरच्या जाड काचेतून कशी दिसत होती, हे सगळं सांगत बसली. माझी पुढच्या वर्षी तुळजापूरला बदली झाली. अयोध्या बरी झाली, पुढं आपल्या मुलीचं लग्नही तिनंच लावलं. धुरपताबाई अडुसष्ट वर्षांची होऊन गेली, फिरतीच्या तळावर, तापानं. ते दुखणं तिला परत कधी आलं नाही. गोरोबानं माझ्याकडं माणूस पाठवला तो निरोप सांगायला, आणि मुंबईला एक पत्र लिहा म्हणून. मी लिहिलं. कार्डासारख्याच सहा ओळी काढल्या, वर क्रमांक १७१ आणि तारीख घातली, आणि वजनाच्या जागी रेघ मारली.